म्हातारी होऊन वयात आलेली सोफी

डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही इंग्रजी कादंबरी १९८६ साली प्रसिद्ध झाली. नौपाड्यातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात तिची बरीच हाताळलेली प्रत मला मिळाली आणि ठाणे-वाशी लोकलच्या आठवडाभराच्या फेऱ्यांत ती वाचून झाली. तिच्यावरून हायाओ मियाझाकी यांनी २००४ साली काढलेला ॲनिमेशनपट अनेकांनी पाहिलेला असतो. परंतु तो युद्धाकडे वळतो, तर मूळ पुस्तकाचे लक्ष सोफी हॅटर या मुलीवरून क्वचितच ढळते.

सोफी ज्या इंगरी नावाच्या देशात राहते, तिथे तीन भावंडांत थोरले असणे हेच दुर्दैव मानले जाते, कारण नशीब काढायला निघालेल्या तिघांपैकी पहिली फजिती थोरल्याची व्हायची, असा तिथला नियमच आहे. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांतही देव पावतो तो बहुधा धाकट्या सुनेला, त्यामुळे मराठी वाचकाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वडील वारल्यावर बहिणींची सोय इतरत्र लागते आणि सोफी टोप्यांच्या दुकानात विनावेतन राबत राहते. एकटेपणामुळे ती टोप्यांशीच बोलू लागते आणि ज्या टोपीला ती जे बोलते, ते ती टोपी घालणारीच्या बाबतीत खरे होते. तिच्या वाणीत जादू आहे, हे वाचकाच्या लवकर लक्षात येते. तिच्या मात्र पुस्तक बरेच पुढे गेले तरी येत नाही, कारण थोरलीच्या वाट्याला असे काही येऊ शकते हेच तिला मान्य नसते.

एक चेटकीण शाप देऊन तिला म्हातारी करते, आणि कादंबरीची खरी बुद्धिमत्ता इथे दिसते. मे महिन्याच्या उत्सवात गर्दीच्या चौकातून जायला घाबरणारी ही मुलगी सुरकुतलेल्या हातांनी काठी टेकत हाउल नावाच्या जादूगाराच्या चालत्या वाड्यात शिरते, आपणच नवी सफाईवाली असल्याचे परस्पर जाहीर करते, हाउलला फैलावर घेते आणि चुलीतल्या कॅल्सिफर या अग्निपिशाच्चालाही दटावते. तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आज्यांचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना वय बाईच्या जिभेला केवढी मोकळीक देते हे सांगायला नको. पुढे हाउल तिला सांगतो की, तिच्या नकळत त्याने शाप उतरवण्याचे अनेक प्रयत्न केले, पण तो उतरेना, तेव्हा हे सोंग तिलाच आवडत असावे असा निष्कर्ष त्याने काढला. माझ्या मते पुस्तकातले हे सर्वांत मार्मिक स्थळ आहे. वयात येण्याच्या कथांत नायिकेला सहसा कुणीतरी गुरू भेटतो. इथे सोफीला शिकवते ती तिने पांघरलेली म्हातारीच.

उणिवाही आहेत. शेवटच्या काही प्रकरणांत इतकी पात्रे आणि इतकी गुपिते एकदम उलगडतात की मला मागची पाने पुन्हा चाळावी लागली. हाउलवरच्या शापाचा धागा जॉन डन या सतराव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या कवितेत गुंफलेला असल्याने तो भाग आपल्याकडच्या किशोरवयीन वाचकाला जड जातो. ऐरोलीला राहणारी, नववीतली माझी भाची तिथेच अडली, आणि ती कविता आम्ही दोघांनी बसून वाचल्यावरच पुढे सरकली. भाषा एरवी सोपी आणि खट्याळ आहे, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलामुलींना हे पुस्तक द्यायला हरकत नाही.

'कॅसल इन द एअर' (१९९०) आणि 'हाउस ऑफ मेनी वेज' (२००८) हे याचे पुढचे दोन भाग आहेत. त्यांत नायक-नायिका वेगळे असून सोफी दुय्यम भूमिकेत येते, त्यामुळे केवळ तिच्यासाठी वाचणाऱ्यांनी ते विकत घेण्याची घाई करू नये.