लायब्ररियन की आयटी, शाळेत कोणतं काम कोणाकडे द्यायचं?

लायब्ररियन आणि आयटीवाले यांच्यात कामं कशी वाटायची हा विषय शाळेत बहुतेक वेळा काहीतरी अडल्यावरच निघतो. मुलाचं ई-बुक उघडत नाही, तो लायब्ररीत येतो, लायब्ररीतून त्याला आयटीकडे पाठवतात, आयटीवाले म्हणतात लायसन्स लायब्ररीने घेतलंय त्यांनाच विचार, आणि तोवर तास संपलेला असतो. मी हे लायब्ररीच्या टेबलामागून बरीच वर्षं बघितलंय, त्यामुळे माझं पारडं थोडं त्या बाजूला झुकेल हे आधीच सांगतो. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. कुठलीही वाटणी मी त्याच सूत्रावर तपासतो: मुलाला किती टेबलं फिरावी लागतात?

मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक म्हणून तुमच्यापुढे साधारण तीन मार्ग असतात. पहिला, दोन्ही विभाग वेगळे ठेवायचे. यात कोण कशाला उत्तरदायी ते कळतं, आयटीला सुरक्षिततेकडे नीट बघता येतं आणि लायब्ररियनला शिकवण्याकडे, पण मधली कामं पोरकी होतात. दुसरा, दोघांना एका प्रमुखाखाली आणायचं. मुलाला एकच टेबल दिसतं, ही मोठीच सोय. पण नेटवर्क बंद पडलं की अख्खी शाळा ओरडते, वाचनाचा तास बुडला तर कोणीच ओरडत नाही, मग पैसा आणि माणसं हळूहळू ओरडणाऱ्या बाजूला जातात. हे टाळायचं तर लायब्ररीचं बजेट प्रमुखाच्या हाताबाहेर, वेगळं बांधून ठेवावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे एकाच माणसाने दोन्ही करायचं. लहान शाळेत दुसरा इलाज नसेल तर ठीक, पण मग वेळापत्रकात लायब्ररीचे तास ठरवून द्या आणि त्या तासांत प्रिंटर बिघडला तरी त्याला उठवू नका.

माझं मत पहिल्या मार्गाला, पण मधली कामं लिहून वाटलेली असली तरच. ती कामं कुठली ते बघू.

लायब्ररीचं सॉफ्टवेअर घ्या. कोहा हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये तयार व्हायला लागलं आणि २००० पासून वापरात आहे, लायसन्सचा खर्च नाही म्हणून शाळांना ते आवडतं, पण फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट काम असं नसतं. सर्व्हर, अपडेट, बॅकअप हे आयटीचं. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो परत चढवून बघायलाही आयटीनेच पाहिजे. पुस्तकांच्या नोंदी, वर्गीकरण, किती दिवस पुस्तक द्यायचं, दंड घ्यायचा की नाही हे लायब्ररियनचं. आणि एक गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही: कोणत्या मुलाने काय वाचलं याची सगळी नोंद त्यात असते. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीतून वाचकाचं नाव काढायची सोय कोहात आहे, ती किती दिवसांनी लागू करायची ते लायब्ररियनने ठरवायचं, चालू करून द्यायचं आयटीने. डेटाबेस उघडता येतो म्हणून आयटीतल्या कोणी मुलांची वाचनाची यादी बघू नये, हे लेखी हवंच.

फिल्टरवरून सगळ्यात जास्त भांडण होतं. शब्द बघून साइट अडवणारा फिल्टर जीवशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी स्तनाच्या कॅन्सरची माहिती शोधणाऱ्या मुलीलाही अडवतो, ती बिचारी कोणाला सांगणार, विषय बदलून टाकते. आयटीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यावर जबाबदारी टाकलेली असते की काही वाईट दिसता कामा नये, मग ते जास्तच बंद करतात. म्हणून मी रेघ अशी मारतो: व्हायरस, फसव्या साइट, पासवर्ड चोरणारी पानं, म्हणजे जिथे मशीनला आणि डेटाला धोका आहे तिथे आयटीचा शब्द शेवटचा, लायब्ररियनने आग्रह धरायचा नाही. पण मजकूर मुलांच्या वयाला योग्य आहे का हा प्रश्न असेल तर लायब्ररियन आणि विषयशिक्षक ठरवतील, आयटी उघडून देईल, आणि तेही त्याच दिवशी, कारण आठवड्याने उघडलेली साइट त्या मुलीच्या काही कामाची नाही.

ई-बुक. छापील पुस्तक घेतलं की आपलं झालं, ई-बुकचं बहुतेक वेळा फक्त लायसन्स मिळतं. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन कंपनीने लायब्ररींसाठी २६ वेळा दिलं की लायसन्स संपणार असा नियम आणला होता, काही लायसन्स ठरावीक मुदतीची असतात. कुठलं कधी संपतंय, परत घ्यायचं का, हा हिशोब लायब्ररियननेच ठेवावा. लॉगिन चालणं, मुलांची नवी यादी वर्षाच्या सुरुवातीला चढवणं, शाळा सोडून गेलेल्यांची खाती बंद करणं हे आयटीचं.

टॅब आणि लॅपटॉप वाटायचं काम लायब्ररीकडे येतं कारण बारकोड आणि देवाणघेवाणीची पद्धत तिथे आधीच असते. देणं-घेणं लायब्ररीने करायला माझी हरकत नाही. पण मग चार्जर तुटला, स्क्रीन फुटली, अपडेट अडकलं, सगळं त्याच काउंटरवर येतं आणि पुस्तक विचारायला आलेलं मूल रांग बघून परत जातं, हे मी पाहिलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो. काउंटरवर एवढंच व्हावं: बिघडलेला घ्या, तक्रार नोंदवा, बदली द्या. दुरुस्तीला आयटीने रोज ठरलेल्या वेळी येऊन उचलून न्यावं.

शिकवण्याची वाटणी त्यामानाने सोपी. पासवर्ड, फसवे मेल हे आयटीने शिकवावं. माहिती खरी की खोटी हे लायब्ररियनने. स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं होतं की तथ्य तपासणारे लोक एखाद्या साइटवर फार न रेंगाळता लगेच दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघतात, हे कौशल्य वर्गात बसवून करून घेता येतं. एआय चॅटबॉटचं कामही तसंच वाटा, मुलांचा डेटा कुठे जातो ते आयटी तपासेल, त्याच्या उत्तराची पडताळणी कशी करायची ते लायब्ररियन दाखवेल.

हे सगळं एका पानावर मावतं. प्रत्येक कामापुढे दोन रकाने ठेवा, ठरवणार कोण आणि करणार कोण, आणि प्रत्येक रकान्यात एकच नाव लिहा, "दोघे" असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. पान लायब्ररीत आणि आयटीच्या खोलीत दोन्हीकडे लावा, आठवड्यातून वीस मिनिटं दोघांनी समोरासमोर बसावं, आणि दोघांपैकी कोणी नोकरी सोडली तर नवीन माणूस आल्याच्या पहिल्या आठवड्यात ते पान त्याच्यासोबत परत लिहून काढा.