ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं: नव्या डिस्कवर ८ महिने, २४ हजार किलोमीटर

आमची दीड टनी पिकअप नारायणगावला टोमॅटोचे कॅरेट भरते आणि माळशेज उतरून कल्याण मार्केटला जाते. आठवड्याला तीन फेऱ्या. साधारण ७० च्या पुढे ब्रेक दाबला की स्टेअरिंग असं थरथरायचं की डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा. घाटात तर पायाखाली पेडलसुद्धा धडधडायचं.

टायरवाल्याने बॅलन्सिंग केलं, मग अलाइनमेंट. पैसे गेले, फरक शून्य. पडणार तरी कसा? ब्रेकला पाय नसताना गाडी ८० ला लोण्यासारखी चालत होती. बॅलन्स गेलं असतं तर ब्रेक न लावताही थरथर आली असती. तेव्हा डोकं चाललं नाही.

मग गॅरेजवाला म्हणाला, "शेठ, डिस्क वाकली." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून घेतली. चारेक हजार किलोमीटर झकास गेले आणि पुन्हा तेच. शेवटी दोन नव्या डिस्क आणि पॅडचा सेट घेतला आणि आळेफाट्याच्या एका जुन्या फिटरकाकांकडे गेलो. मजुरीसकट ११,५०० रुपये झाले.

काकांनी आधी विचारलं, "थरथर हाताला लागते की बुडाला?" हाताला म्हणजे पुढच्या डिस्क, बुडाला म्हणजे बहुतेक मागचे ब्रेक ड्रम. मग रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगात, बटण दाबून ठेवून, हँडब्रेक हळूच ओढून पाहिला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. काही जाणवलं नाही, म्हणजे मागचं ठीक.

चाक काढलं. माझ्या गाडीत डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या तबकडीवर, वरून बसते आणि चाकाचे नटच तिला आवळून धरतात. काकांनी नवी कोरी डिस्क हब साफ न करता मुद्दाम तशीच चढवली, नट आवळले आणि डायल गेज, म्हणजे डिस्क किती डगमगते ते सुईवर दाखवणारं घड्याळ, लावलं. डिस्क फिरवली तशी सुई १४ घरं हलली. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. खोक्यातून काढलेली डिस्क, आणि ही तऱ्हा! डिस्क उतरवून हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासलं, तर गंजाचे पापुद्रे निघाले. परत चढवली, सुई ६ घरं. एक भोक पुढे फिरवून बसवली, ४ घरं. "आता पॅड लाव," म्हणाले.

लेथचे पैसे का वाया गेले ते तेव्हा कळलं. लेथवर डिस्क सरळच होते, पण गंजलेल्या हबवर ती तिरकी बसते. हबच्या कडेला जेवढी फट, डिस्कच्या कडेला त्याच्या जवळपास दुप्पट. ब्रेक नसतानाही प्रत्येक फेरीला तिचा एकच भाग पॅडला घासत राहतो आणि झिजून पातळ होतो. थरथर येते ती या कमीजास्त जाडीमुळे, आणि ती तयार व्हायला काही हजार किलोमीटर जावे लागतात. तोवर गॅरेजवाला विसरलेला असतो. शिवाय डाव्या कॅलिपरची (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची) एक सरकती पिन जाम होती, म्हणून त्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा उरला होता.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहिल्या दिवशी रिकामी गाडी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारत आणली, वीसेक वेळा, पूर्ण न थांबवता. आता घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. टोकावड्याला चहाला थांबलो की पेडलवर पाय ठेवत नाही, गाडी गिअरला टाकतो. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की त्याचा थर डिस्कवर चिकटतो.

पाचव्या महिन्यात मुरबाडजवळ पंक्चर झाली. तिथल्या पोराने नट आवळायची गन लावून सहाही नट ठणठणीत आवळले, मी फोनवर होतो. दोन दिवसांत बारीक थरथर सुरू. घरी नट सैल करून समोरासमोरचे जोड धरत टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळले, थरथर गेली. लगेच केलं म्हणून वाचलो. तेव्हापासून तो पाना सीटखालीच असतो.

तक्रार एकच, पॅडची. सकाळी गारठ्यात पहिले दोन-तीन ब्रेक किंचाळतात आणि चाकावर काळी भुकटी फार बसते. पण भरल्या गाडीला पकड चांगली आहे. डिस्कवर अजून झिजेची कड बोटाला लागत नाही.

मागच्या आठवड्यात मात्र सीटखाली हलकी धडधड जाणवली. हँडब्रेक ओढून पाहिला, या वेळी लागली. ड्रम उघडायचेत, पण टोमॅटोचा हंगाम उरकल्यावर.