अख्खा अल्बम ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी?

एकेक गाणे वेचून ऐकण्याची सवय लागलेला माणूस जेव्हा ठरवतो की आता एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायचा, तेव्हा निवडीपाशीच तो अडतो. शास्त्रीय घ्यावे की जाझ, रॉक घ्यावे की पाश्चात्त्य अभिजात, असा प्रश्न सहसा विचारला जातो. माझ्या मते तो तसा विचारूच नये. संगीत कोणत्या प्रकारचे आहे यापेक्षा तो अल्बम आपल्याकडून किती वेळ आणि कोणत्या जातीचे लक्ष मागतो, हे पाहून निवड केली तर ती सहसा चुकत नाही. मी स्वतः गाणारा किंवा वाजवणारा नाही, केवळ ऐकणारा आहे, आणि पुढे ज्या सहा अल्बमची तुलना केली आहे ते सगळे माझ्या घरात अनेक वर्षे वाजत आले आहेत.

ज्यांचा कान मराठी-हिंदी गाण्यांवर घडला आहे आणि ज्यांना शब्दांवाचून संगीत ऐकण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा सर्वांत सोपा उंबरठा आहे. १९६७ च्या या एचएमव्हीच्या अल्बममध्ये शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार एकत्र आली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते आणि ध्वनिमुद्रणाची धुरा मराठी भावगीताच्या आरंभकाळातले गायक जी. एन. जोशी यांनी वाहिली होती. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी कल्पना घेऊन अहीर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी असे राग प्रहरांच्या क्रमाने मांडले आहेत. हा क्रमच ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. राग ओळखता आला नाही तरी सकाळ सरली, ऊन कलले, सांज झाली, हे कानाला आपोआप कळत जाते. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये त्या वेळी रागसंगीताच्या मैफलीत नवखी होती. शिवकुमार आणि हरिप्रसाद हे दोघेही तेव्हा तिशीच्या आत होते, आणि त्या वयाचा ताजेपणा अहीर भैरवच्या सुरुवातीच्या संथ आलापीतही लपत नाही.

मात्र या अल्बमची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुमारे चाळीस मिनिटांत इतके राग बसवायचे म्हटल्यावर एकाही रागाला पाय पसरायला जागा मिळत नाही. अहीर भैरवला त्यातल्या त्यात बऱ्यापैकी अवकाश आहे. झपतालातला भूप मात्र काही मिनिटांत आटोपतो. तो गोड आहे यात शंका नाही, परंतु भूपाची ओळख होते न होते तोच तो निरोप घेतो. पंचवीस-तीस वेळा ऐकल्यानंतर हा अल्बम मला नवे काही सांगेनासा झाला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. आजही तो लावला की प्रसन्न वाटते. पण ती ओळखीच्या वाटेने फिरून येण्याची प्रसन्नता असते.

नेमक्या याच ठिकाणी किशोरी आमोणकर यांच्या भूप आणि बागेश्री असलेल्या एलपीशी तुलना करणे उपयोगाचे ठरते, कारण राग तोच असूनही मागणी अगदी वेगळी आहे. एका बाजूवर फक्त भूप आहे: विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ‘प्रथम सूर साधे’ आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीत, ‘सहेला रे’. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे गाणाऱ्याच्या हाती अवघे पाच स्वर उरतात आणि सगळी भिस्त गंधार आणि धैवत कसे लावले जातात यावर येते. ही तबकडी ऐकताना मी सुरुवातीच्या काळात एक चूक करत असे. ‘सहेला रे’ प्रसिद्ध असल्यामुळे सुई उचलून थेट तिथे ठेवत असे. पुढे एकदा आजारपणात उठून सुई हलवण्याचेही त्राण नसल्यामुळे विलंबित पूर्ण ऐकावे लागले, आणि तेव्हा लक्षात आले की गंधारावर येताना किशोरीताई दर वेळी निराळ्या बाजूने येतात. कधी रिषभावर थोडे रेंगाळून, कधी पंचमावरून मींडेने उतरत, तर कधी षड्जावरून सरळ उचलून त्या गंधाराला स्पर्श करतात, आणि तो स्वर त्या त्या वाटेप्रमाणे कधी शांत, कधी आर्त, कधी निश्चयी वाटतो. इतके ऐकून झाल्यावर द्रुत बंदिश सुरू होते तेव्हा तिच्यातला आनंद हा कमावलेला आनंद वाटतो. थेट तिच्यावर उडी मारली तर ती केवळ एक सुरेख चीज राहते.

म्हणून या दोघांमध्ये निवड करायची असेल तर माझे मत असे आहे: घरात इतर माणसांची ये-जा असताना, स्वयंपाक करताना किंवा प्रवासात ऐकायचे असेल तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्यावा; दिवसातली वीस-पंचवीस मिनिटे दार लावून बसण्याची तयारी असेल तर भूप घ्यावा, आणि महिनाभर दुसरे काही घेऊ नये. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी अवघड असते असे ऐकून पुष्कळ लोक बिचकतात. गोव्याच्या कुर्डीहून आलेल्या आई मोगूबाईंकडून मिळालेली ती तालीम किशोरीताईंच्या गळ्यात कशी बदलली, हा अभ्यासकांचा विषय आहे. नव्या श्रोत्याला त्याची गरज नाही. त्याला पाच स्वर आणि एक तानपुरा पुरेसा आहे.

आपल्या संगीतावर कान तयार असलेल्या माणसाला परक्या संगीतात शिरायचे असेल तर जाझमधले ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हाच पहिला अल्बम असावा, असे मी अनेकांना सांगत आलो आहे. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब आणि पियानोवर बिल एव्हान्स. एका रचनेपुरते पियानोवर विंटन केली. त्या काळच्या जाझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, फार झपाट्याने बदलत आणि वादकाला त्या बदलांमागे धावावे लागे. इथे माइल्सने वादकांच्या हाती मोजक्या स्वरपंक्ती दिल्या आणि एकेका स्वरपंक्तीवर रेंगाळण्याची मोकळीक दिली. एका थाटात राहून विस्तार करणे ज्या कानाला ठाऊक आहे त्याला हे परके वाटतच नाही.

पहिली रचना ‘सो व्हॉट’ याचे उत्तम उदाहरण आहे. सुरुवातीला पियानो आणि बास धुक्यातून चाचपडत येतात, मग बास एक वाक्य बोलतो आणि त्याला दोन स्वरांचे छोटे उत्तर मिळते. आधी एकट्या पियानोचे, नंतर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांचेही. यातली मुख्य स्वरपंक्ती आपल्या काफी थाटाशी जुळते. चार-चार मात्रांच्या सोळा गटांपर्यंत ती तशीच राहते आणि मग सबंध स्वरपंक्ती, षड्जासकट, अर्ध्या स्वराने वर सरकते. आठ गट तिथे राहून पुन्हा आठ गटांसाठी मूळ जागी उतरते. तानपुऱ्याच्या सोबतीत वाढलेल्या कानाला षड्ज हलणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! मला ती प्रथम जाणवली तेव्हा पायाखालचा पाट कुणीतरी हळूच उचलून पुन्हा ठेवल्यासारखे वाटले होते. एवढी एक जागा ओळखायला शिकले की सोलो कुठे वळतो, वादक त्या वळणाची तयारी कशी करतो, हे आवर्तन मोजल्यासारखे कळू लागते. जाझ समजत नाही असे म्हणणाऱ्या मराठी श्रोत्यांना मी हीच एक खूण देतो, आणि बहुतेकांना ती पुरते.

खरेदी करणाऱ्याने इथे एक गोष्ट तपासावी. २ मार्चच्या बैठकीत वापरलेले ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तीनही रचना नेहमीच्या वेगाने वाजवल्या की थोड्या चढ्या स्वरात ऐकू येत. १९९० च्या दशकातील पुनःप्रकाशनांत हा दोष दुरुस्त झाला, तेव्हा त्यानंतरची आवृत्ती घेणे श्रेयस्कर.

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची निवड अधिक अवघड आहे, कारण तिथे एकाच वादकाच्या दोन ध्वनिमुद्रणांतून एक निवडावे लागते. जर्मन संगीतकार बाखने १७४१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रचना म्हणजे आरिया नावाची एक संथ धून, तिच्या आधारावर बांधलेली तीस रूपे आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. गूल्ड यांनी ती १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि पुन्हा १९८१ मध्ये वाजवली; दोन्ही वेळा त्याच थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’ जिथे झाला त्याच जुन्या चर्चच्या इमारतीत. पहिले ध्वनिमुद्रण सुमारे अडतीस मिनिटांचे, दुसरे सुमारे एक्कावन्न मिनिटांचे. दुसऱ्यात काही भाग पुन्हा वाजवले आहेत हे त्याचे एक कारण असले, तरी खरा फरक लयीच्या विचारात आहे. १९५५ मध्ये प्रत्येक रूप स्वतंत्र आहे आणि बोटांची चपळाई थक्क करते. १९८१ मध्ये एका रूपाची लय पुढच्या रूपाच्या लयीशी हिशोबाने बांधलेली आहे, जशी विलंबिताची दुगुन चौगुन होत जावी तशी. नंतरचे ध्वनिमुद्रण संथ आहे असे सरसकट म्हणतात, ते मात्र सर्वत्र खरे नाही. आरिया सुमारे दोन मिनिटांवरून तीन मिनिटांवर गेली हे खरे. पण सर्वांत दुःखी असे पंचविसावे रूप १९५५ मध्येच जास्त वेळ घेते.

माझा कौल १९८१ च्या बाजूने आहे, निदान पहिल्या खरेदीसाठी. ते अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रित आहे, आणि हेडफोनवर ऐकताना पियानोमागे गूल्ड यांचे गुणगुणणे ऐकू येते. काहींना त्याचा त्रास होतो. मला वाटते की सतारवादक वाजवता वाजवता ओठांत बोल म्हणत असतो, ते ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ही सोबत आवडेल. १९५५ ची तबकडी नंतर अवश्य घ्यावी. ती आधी ऐकली तर वेगाचीच भूल पडते आणि आरियाकडे परत येण्याचा अर्थ निसटतो.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा १९७३ चा अल्बम या यादीत सर्वांत लोकप्रिय आहे आणि रॉककडे वळणाऱ्याला तो प्रथम सुचवला जातो, हे योग्यच आहे. तो मी पहिल्यांदा ऐकला तो गाणी भरून देणाऱ्या एका दुकानातून आणलेल्या कॅसेटवर. भरणाऱ्याने प्रत्येक गाण्यानंतर चार-पाच सेकंदांची रिकामी जागा सोडली होती, आणि कित्येक वर्षे मला हा अल्बम उगाच नावाजलेला वाटत राहिला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो बांधला गेला तोच मुळी सलग धाग्यासारखा: हृदयाच्या ठोक्याने सुरुवात, त्याच ठोक्याने शेवट, आणि मध्ये एकातून दुसरे गाणे उमलत जाते. फोनवर ऐकणाऱ्याने दोन गाण्यांमध्ये खंड पडत नाही ना, आणि गाण्यांचा क्रम उलटापालटा होत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. ‘मनी’चा ठेका सात मात्रांचा आहे, रूपक ताल मोजता येणाऱ्याने तो हातावर मोजून पाहावा, आणि गिटारचा सोलो सुरू होताच सात सोडून चार कसे येतात तेही टिपावे. पहिल्या बाजूच्या अखेरीस क्लेअर टोरी यांचे शब्दांवाचूनचे गाणे आहे. त्यांना त्या कामाचे ३० पौंड मिळाले होते आणि रचनेच्या श्रेयात त्यांचे नाव यायला २००५ साल उजाडले, ही गोष्ट मला दर वेळी टोचते, कारण संपूर्ण अल्बममध्ये मानवी काळजाच्या सर्वांत जवळ जाणारा आवाज तोच आहे.

तरीही ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि हा अल्बम यांतून एकच परवडणार असेल तर मी पहिल्याकडेच बोट दाखवीन. पिंक फ्लॉइडची रचना पक्की, घोटून घडवलेली आहे. ती दर वेळी तीच राहते. माइल्सच्या बैठकीत सहा माणसे एकमेकांचे ऐकत वाजवत होती आणि आपण कोणाच्या कानाने ऐकायचे हे दर वेळी बदलता येते: एकदा फक्त बासमागे जावे, एकदा फक्त ड्रम्समागे.

उरला ‘अभंग तुकयाचे’. श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा स्वर यामुळे त्याची ओळख करून देण्याची गरज नाही, आणि म्हणूनच पहिली निवड म्हणून मी तो सुचवत नाही. ‘सुंदर ते ध्यान’ आपण इतक्या पहाटे इतक्या घरांतून ऐकले आहे की कान आपोआप सैल पडतो. मात्र वर सांगितलेल्यांपैकी एखादी तबकडी महिनाभर ऐकून झाल्यावर तो पुन्हा लावून पाहावा. भूपाच्या सोबतीने कान एकदा तयार झाला की ‘अगा करुणाकरा’ची चाल वाटते तितकी सोपी नाही हे ध्यानात येते, आणि खळ्यांनी शब्द कुठे थांबवला आहे, लताबाईंनी तिथे श्वास न घेता तो पुढच्या चरणात कसा सोडला आहे, हे लहानपणापासून पाठ असलेल्या गाण्यात प्रथमच ऐकू येऊ लागते.