नेरूळचा गरोदरपणाचा क्लास, नक्की जा

वहिनीसोबत नेरूळ स्टेशनजवळच्या क्लासला गेले होते, व्यायाम वगैरे ठीकठाक, पण दारूवरचा अर्धा तास खरंच मनापासून आवडला. मॅडमनी सरळ सांगितलं की आईने घेतलेली दारू रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोचते आणि त्याचं लिव्हर अजून तयार नसतं, म्हणून बीअर असो की वाइन, पहिला महिना असो की नववा, सेफ असं प्रमाणच नाही, मेंदूवर झालेला परिणाम जन्मभर राहतो. आमच्याकडे अजून सर्दीला चमचाभर ब्रँडी घे म्हणतात हो! जागा लहान आहे, नवरे उभेच होते. दिवस गेल्याचं कळायच्या आधी घेतली असेल तर लपवू नका, आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना सांगा, असं म्हटल्यावर एक मुलगी रडायलाच लागली, मॅडम शिकवणं थांबवून तिच्याजवळ जाऊन बसल्या.