नवग्रह यात्रेत 60,400 रुपये गेले: कुंभकोणमला निघण्याआधी हे वाचा

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत, त्यांची यात्रा आम्ही एजंटमार्फत केली आणि फसलो. एकूण 60,400 रुपये. गाडी आणि लॉजचे पैसे यात धरलेले नाहीत, ते रीतसर होते. नऊ देवळांतल्या ‘विशेष अभिषेका’चे प्रत्येकी 2,100, म्हणजे 18,900. वैदीश्वरन कोविलला नाडीपट्टीच्या, म्हणजे ऋषींनी आपलं भविष्य लिहून ठेवलंय असं सांगतात त्या ताडपत्राच्या, पहिल्या कांडाचे (प्रकरणाचे) 500, शांतीकांड आणि दीक्षाकांडाचे प्रत्येकी 1,500. त्या पट्टीतून निघालेल्या परिहाराचे, म्हणजे दोष घालवायच्या विधींचे, होमासाठी 11,000 आणि 48 दिवसांच्या पूजेसाठी 27,000. यातल्या एकाही रकमेची देवस्थानची पावती नाही. आहेत त्या एजंटच्या कागदावरच्या, खाली ‘देणगी, परत मिळणार नाही’ असं छापलेल्या. देवळाच्या काउंटरवर अर्चनेचं तिकीट मिळतं, त्यावर देवस्थानचं नाव आणि रक्कम छापलेली असते. ते हातात पडल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नका, पुजाऱ्याच्या ओळखीचा म्हणवणाऱ्याला तर मुळीच नाही.

नाडीवाले कसे गंडवतात ते महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा अंगठा, मग पट्ट्यांचा गठ्ठा, मग ‘वडिलांच्या नावात देवाचं नाव आहे का’, ‘आईचं नाव तीन अक्षरी का’ असे हो-नाहीचे प्रश्न. शेवटी आपणच दिलेली माहिती आपल्याला तमिळ चालीवर परत ऐकायला मिळते. हे आम्हालाही माहीत होतं. म्हणून तर फसलो, कारण आम्हाला तसे प्रश्न विचारलेच नाहीत. जेमतेम पाच प्रश्नांत पट्टी ‘सापडली’ आणि आई-वडिलांची नावं, नक्षत्र, भावंडं सगळं बरोबर निघालं.

ते कुठून आलं? यात्रेच्या आधी एजंटने व्हॉट्सॅपवर संकल्पाचा फॉर्म भरून घेतला होता. नाव, गोत्र, नक्षत्र, रास, आई-वडिलांची नावं, भावंडं किती, लग्न झालंय का. तमिळ देवळात अर्चनेला नाव, गोत्र, नक्षत्र, रास सांगावीच लागते, तेव्हा या फॉर्मवर संशय घ्यायचं कुणालाच कारण नव्हतं. पण अर्चनेला आईचं नाव लागत नाही. भावंडांची संख्या तर कुठल्याच देवाला लागत नाही.

आणि खरी खूण पट्टीतच होती. आईचं जन्मनाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं, आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायकांसारखं. पट्टीत निघालं ते लग्नानंतरचं, आधार कार्डावरचं, फॉर्मवर लिहिलेलं नाव. माहेरच्या नावाचा उल्लेखही नाही. हजारो वर्षांपूर्वी ऋषींनी लिहून ठेवलेल्या पट्टीला आधार कार्डावरचं नाव ठाऊक आणि बारशाचं नाही? त्या क्षणी उठून बाहेर यायला हवं होतं. पण समोर दिवा लावलेला, आई बाजूला हात जोडून बसलेली, दुभाषी हिंदीत सांगतोय की या पट्ट्या तंजावरच्या मराठा सरफोजी राजांच्या ग्रंथालयातल्या. मराठी माणूस त्या नावापुढे वाद घालत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. ते सरस्वती महाल ग्रंथालय खरं आहे, तिथे ताडपत्रं आहेत, मोडी कागद आहेत. त्याने या दुकानातली पट्टी खरी ठरत नाही.

यात वेळेची मेख आहे, ती समजून घ्या. तिंगळूर (चंद्र), आलंगुडी (गुरू), तिरुनागेश्वरम (राहू), सूर्यनार कोविल, कंजनूर (शुक्र) हे सकाळी उरकतात. दुपारी बाराच्या सुमाराला देवळं बंद होतात ती चारपर्यंत. पुढचं देऊळ मंगळाचं, म्हणजे वैदीश्वरन कोविल. त्यानंतर तिरुवेंकाडू (बुध), कीळपेरुंपळ्ळम (केतू) आणि शेवटी तिरुनळ्ळार (शनी). म्हणजे मधले तीन-चार तास मोकळे, आणि ड्रायव्हर तेवढ्यात गाडी थेट नाडी केंद्राच्या दारात उभी करतो. ‘देऊळ उघडेपर्यंत सावलीत बसा’ म्हणतो. तो वेळ जेवणात घालवा, झोप काढा, पण मंदिराच्या गोपुराशिवाय दुसऱ्या दारात गाडीतून उतरू नका. वैदीश्वरनला आरोग्यासाठी करतात ते एवढंच: सिद्धामृत तीर्थात गूळ सोडणं, मीठ-मिरी वाहणं, वैद्यनाथ आणि अंगारकाचं दर्शन. त्याला फार तर शंभरभर रुपये लागतील.

अभिषेकांचीही तीच गत. तिरुनागेश्वरमला राहूचा दुधाचा अभिषेक राहुकाळात करतात, दूध निळसर होतं अशी त्याची ख्याती. आम्ही गेलो रविवारी, आणि रविवारचा राहुकाळ संध्याकाळी साडेचार ते सहा. आमची गाडी तिथून सकाळी दहालाच निघाली होती. तरी त्या अभिषेकाचे 2,100 घेतलेले! जाण्याआधी वाराप्रमाणे राहुकाळ बघा आणि एजंटला विचारा, त्या वेळी आपण नक्की कुठे असू. उत्तर मिळणार नाही.

48 दिवसांच्या पूजेचा पुरावा म्हणून फोटो येत राहिले. पितळेचं तबक, त्यात अर्धवट जळालेला कापूर, तीन जास्वंदी, कडेला केळ्यांची एक तुटलेली फणी. तोच फोटो, तीच तुटलेली फणी, दुसऱ्या एका मराठी कुटुंबालाही त्यांच्या नावाने गेला होता.

तक्रारीचं काय झालं? आपल्याकडच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा तमिळनाडूत घडला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्या गावातल्या खात्यातून गेले, तिकडेच द्या. शनीच्या अभिषेकाचं नाव काढलं तर आणखी हात वर, कारण तिरुनळ्ळार कराईकलमध्ये, म्हणजे पुदुच्चेरीत येतं, तमिळनाडूत नाही. एका देवस्थानच्या कार्यालयात सांगितलं, बाहेरच्या दुकानांशी आमचा संबंध नाही. एका साहेबाने तर तोंडावर विचारलं, ‘श्रद्धेने दिलेत ना, मग आता परत कसले मागता?’ श्रद्धा देवावर होती. पावत्या छापणाऱ्यावर नव्हती. आणि आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रापुरता, हेही आम्हालाच ऐकवलं. म्हणजे तीन सरकारं, आणि एकही कागद हातात घेणारा माणूस नाही.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, 2019 च्या कायद्यात तशी तरतूद आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. आम्ही तिथेच गेलो आहोत.

यात्रा मात्र रद्द करू नका. 2024 मध्ये तमिळनाडू परिवहन महामंडळाने कुंभकोणमहून नवग्रह विशेष बस सुरू केली, तेव्हा तिकीट 750 रुपये होतं. आई-वडिलांना पाठवणार असाल तर आधी त्या बसची चौकशी करा. कुणालाही फॉर्म भरून देऊ नका, नक्षत्र देवळात गेल्यावर तोंडी सांगा. आणि तुटलेल्या फणीचा तो फोटो कुणाला आला असेल तर रागाच्या भरात डिलीट करू नका. चॅट तारखेसकट एक्सपोर्ट करून ठेवा, आयोगात ते लागतं.