डोक्यावर झेंडूचं फूल न टिकणारे स्पीकर: अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या दसऱ्याला हे स्पीकर घरी आले. टॉवर (खांबासारखे उंच स्पीकर) जागेवर उभे केले, त्यांच्या डोक्यावर वरच्या दिशेने आवाज सोडणारी छोटी मॉड्यूलं बसवली, आणि वायरी लावायच्या आधीच सासूबाई हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन आल्या. टीव्हीला फूल वाहिलं, रिसीव्हरला (स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राला) वाहिलं. मग डाव्या मॉड्यूलवर ठेवलं, तर ते उतारावरून गडगडत थेट जमिनीवर. उचलून परत ठेवलं, परत खाली. "अगं, ह्याला फूल ठेवण्याएवढीसुद्धा सपाट जागा नाही!" त्या म्हणाल्या. शेवटी दोन्ही फुलं टॉवरच्या पायाशी ठेवून पूजा झाली.

अकरा महिने वापरल्यावर मला त्या उताराबद्दलच सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय. या स्पीकरच्या आवाजाबद्दल भरपूर वाचायला मिळतं. ते घरात कसे दिसतात, कसे बसतात, पावसाळ्यात त्यांचं काय होतं, हे घेण्याआधी मी खूप शोधलं आणि फारसं काही हाती लागलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला बोलायचंय ते या प्रकारच्या घडणीबद्दल.

आधी घर सांगते. पार्ले पूर्व, जुनी इमारत, हॉल १५ बाय ११. छत साडेनऊ फूट, साधा सपाट स्लॅब, पीओपी केलेलं नाही. सेटअप ५.१.२. यातले ५ म्हणजे भोवतीचे पाच स्पीकर, १ म्हणजे खोल बेससाठीचा सबवूफर आणि शेवटचा २ म्हणजे डोक्यावरून येणारे आवाजाचे दोन चॅनल. डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं डॉल्बी ॲटमॉस हे तंत्र २०१२ मध्ये थिएटरांत आलं आणि २०१४ मध्ये घरांत. थिएटरमध्ये छतालाच स्पीकर टांगलेले असतात. घरी स्लॅबला भोकं पाडायची कोणाची तयारी नसते (आमच्या सोसायटीत तर नाहीच), म्हणून ही युक्ती निघाली: स्पीकर खाली ठेवायचा, आवाज छतावर मारायचा आणि तिथून परतून तो आपल्या कानावर पडू द्यायचा. कॅरममध्ये सोंगटी कडेला मारून भोकात घालतो, तसंच.

तो उतार याच्यासाठीच आहे. स्पीकरचा कोन (आवाज काढणारा, शंकूसारखा पडदा) साधारण २० अंश पुढे झुकलेला असतो. अगदी सरळ वर तोंड केलं तर आवाज स्पीकरच्याच डोक्यावर परत येईल. त्यामुळे मॉड्यूलची मागची बाजू उंच, पुढची बुटकी. कोकणातल्या घराच्या पडवीचं छप्पर असतं तसा आकार. जाळी काढून आत बघितलं तर कोन थोडा खोलात बसवलेला दिसतो आणि भोवती काळ्या फोमची झालर. मला आधी ती सजावट वाटली होती. तिचं काम वेगळंच आहे. स्पीकरमधून कानाकडे सरळ येणारा आवाज ती शोषते. तो सरळ आवाज जास्त झाला की मेंदूला लगेच कळतं, आवाज समोरच्या डब्यातून येतोय, आणि सिनेमातला पाऊस छतावरून खाली उतरून टीव्हीशेजारी जाऊन बसतो. हे घरच्या घरी तपासता येतं. सोफ्यावर बसून पाऊस डोक्यावर ऐकायचा आणि मग हळूहळू उभं राहायचं. कान मॉड्यूलच्या वर गेले की सगळी जादू संपते, आवाज डब्यातून येऊ लागतो. म्हणून मॉड्यूल बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला किंवा किंचित वर हवं. आमचे टॉवर तीन फुटांचे, त्यामुळे हिशोब आपोआप जमला. बुटके बुकशेल्फ स्पीकर टीव्ही युनिटवर ठेवणाऱ्यांनी मात्र टेप लावून बघावं.

आता मुद्द्याचं. मुंबईच्या घरात कुठलीही सपाट जागा रिकामी राहत नाही. फ्रिजवर औषधं, वॉशिंग मशीनवर बादली, शू-रॅकवर हेल्मेट. टीव्हीशेजारी तीन फूट उंचीचा सपाट डोक्याचा खांब उभा केला, तर आठवड्याच्या आत त्यावर विणलेला रुमाल येतो, मग त्या रुमालावर फोटो. साध्या टॉवरला याने काही होत नाही. वर बघणाऱ्या स्पीकरचं मात्र तोंडच बंद होतं.

हे मी नणंदेच्या घरी ठाण्यात पाहिलं. तिच्याकडे चांगला महागाचा साउंडबार आहे, दोन्ही टोकांना वर बघणारे स्पीकर असलेला. पण ते कापडाच्या जाळीखाली असे बेमालूम लपवलेत की वरून नुसती गुळगुळीत काळी पट्टी दिसते. सुताराने तो टीव्ही युनिटच्या एका कप्प्यात बसवून दिला, वर सहा इंचांवर फळी. शिवाय एका टोकाला काचेचं कासव. दीड वर्ष आवाज त्या फळीला आणि कासवाच्या पोटाला आपटत होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. तिला म्हटलं, "वन्सं, हा बाहेर काढून बघूया का?" बाहेर काढला, कासव हलवलं, आणि ती खरंच मान वर करून छताकडे बघायला लागली. मी यात तिची चूक मानत नाही, सुताराचीही नाही. त्या वस्तूला बघून कळतच नाही की तिला वरून मोकळं आकाश हवंय. सुबकपणासाठी कामाची बाजू लपवली, की घर त्या वस्तूला आपल्या सवयीने वापरतं.

म्हणून मला माझ्या मॉड्यूलचा उघड उतार आवडतो. घेताना तो ओबडधोबड वाटला होता, हे कबूल करते. दुकानात नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं होतं. टॉवरची सरळ रेघ वर येऊन अचानक तिरकी होते. पण तो उतार न बोलता सांगतो की इथे काही ठेवू नका. कामाच्या मावशींना मला एकदाही सांगावं लागलं नाही. आठ वर्षांची लेक घरातल्या प्रत्येक वस्तूवर स्टिकर आणि बाहुल्या मांडते, तिचीही एक बाहुली तिथून घसरली आणि विषय संपला.

रचना कुठे फसली तेही लिहायला हवं. पहिलं, वायर. मॉड्यूल स्वतंत्र असल्याने त्याची वायर टॉवरच्या पाठीवरून लोंबते. समोरून दिसत नाही, पण आमचा उजवा टॉवर खिडकीजवळ आहे आणि बाल्कनीतून आत येताना तीच आधी नजरेत भरते. वायर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणली, टोकांना बनाना प्लग (खोचायच्या पिना) लावले आणि टॉवरच्या मागे पांढरी केसिंग पट्टी चिकटवली. चालून जातं, सुंदर नाही. डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीच्या काही टॉवरमध्ये डोक्यावरची पट्टी काढून मॉड्यूल थेट बसवता येतं आणि जोडणी आतूनच होते. हे खरं शहाणपण, ते सगळ्यांनी उचलायला हवं. २०१४ मध्ये स्पीकर-डिझायनर अँड्र्यू जोन्स यांनी पायोनियर कंपनीसाठी केलेल्या स्पीकरमध्ये तर वरचा स्पीकर त्याच कॅबिनेटच्या डोक्यात होता, वेगळा डबा नाहीच. दिसायला तसं एकसंध फार छान वाटतं. पण जागा बदलायची वेळ आली की माझ्यासारखं सुटं मॉड्यूल सोयीचं पडतं, आणि मुंबईत ती वेळ येतेच.

दुसरं, रबरी पाय. मॉड्यूलच्या खाली चार काळे रबरी गोल आहेत. एप्रिलमध्ये साफसफाईला मॉड्यूल उचललं तर टॉवरच्या लाकडी फिनिशवर चार करडे, तुपकट गोल उमटलेले. पुसले, लिंबाचं पाणी लावलं, गेले नाहीत. रबरातला तेलकट अंश फिनिशमध्ये उतरतो. सुट्या मॉड्यूलखाली पहिल्याच दिवशी फेल्टच्या चकत्या लावा. मी सहा महिने उशिरा लावल्या.

तिसरं, आणि याचा मला अजून राग आहे: पावसाळा. लाकडी दिसणारं फिनिश खऱ्या लाकडाच्या पापुद्र्याचं (व्हिनीरचं) नसून एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवलेलं व्हायनल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या मॉड्यूलचा मागचा कोपरा नखभर सुटला. तिथून आत बघितलं तर एमडीएफ ओल्या बिस्किटासारखा किंचित फुगलेला. दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं की दमट हवेने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मुंबईत दुकान थाटून मुंबईच्या माणसाला वस्तू विकायची आणि मग हवा दमट आहे म्हणून हात वर करायचे, हे मला पटलेलं नाही. ओळखीच्या सुताराने सनमायका चिकटवायचा गोंद काडीने आत सोडला, वर लाकडी पट्टी ठेवून रात्रभर सुतळीने बांधून ठेवलं. आता बसलंय, पण बोट फिरवलं की कळतं. घेताना विक्रेत्याला सरळ विचारा: व्हिनीर की व्हायनल? आणि मागच्या, तळाच्या कडा बोटाने चाचपून बघा, कारण ओल तिथूनच शिरते.

चौथं, धूळ. घरातले बाकी स्पीकर समोर बघतात, हा वर. शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि जानेवारीत पाडकाम सुरू झालं. रोज सकाळी काळ्या जाळीवर राखाडी साय. जाळी लोहचुंबकाने चिकटते ही चांगली सोय: अलगद काढायची, बाल्कनीत झटकायची, मऊ ब्रशने कडा साफ करायच्या. दाढीचा नवा ब्रश मी खास यासाठी ठेवलाय. कोनावर फडकं फिरवू नका आणि व्हॅक्यूमची नळी तर जवळही नेऊ नका, कोनाची मधली टोपी नळीकडे ओढली जाते. फेब्रुवारीत सासूबाईंनी जुन्या सुती ओढणीची दोन झाकणं शिवून दिली. उताराचं माप घेऊन, मागे उंच, पुढे बुटकी, कडेला बारीक पायपिंग. बघायला बसताना काढायची, उठताना घालायची. आता ती दिव्याच्या वातीसारखी रोजची सवय झालीये, आणि खरं सांगायचं तर त्या झाकणांनी स्पीकर घरातले वाटायला लागले.

रंगाबद्दल थोडक्यात: चकचकीत काळा घेऊ नका. टीव्हीचं चित्र त्यात हलताना दिसतं, धूळ आणि बोटांचे ठसे वेगळे. मॅट घ्या.

आता पंखा, कारण तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. छत साधारण साडेसात ते बारा फुटांचं, सपाट आणि कडक हवं, एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमचं छत त्यात चोख बसतं. पण हॉलच्या मधोमध ४८ इंची पंखा आहे. मार्चमध्ये पावसाचा प्रसंग बघताना पाऊस धडधडत असल्यासारखा, थरथरत येऊ लागला. रिसीव्हरचं सेटिंग दोनदा नव्याने केलं, फरक नाही. मग लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही चालू, पंखा बंद अशी संध्याकाळ आली आणि पाऊस एकदम स्वच्छ. आवाज छतावरून खाली येताना पात्यांच्या टोकांमधून कापला जात होता.

उपाय आरशाने सापडला. नवरा शिडीवर चढून छताला आरसा सपाट धरून सरकवत राहिला, मी सोफ्यावर बसून बघत होते. आरशात मॉड्यूल दिसलं की आवाज टेकतो ती जागा तीच. टीव्हीच्या भिंतीपासून साडेपाच फूट, म्हणजे खाली उतरताना पात्याच्या टोकाला चाटूनच जाणार. सोफा एक फूट पुढे ओढला, ती जागा अर्धा फूट पुढे सरकली, थरथर गेली. सोफ्याच्या मागे जी फूटभर जागा झाली तिथे इस्त्रीचं टेबल आणि घडीच्या खुर्च्या गेल्या.

वरच्या मजल्यावर त्रास होतो का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. नाही. या मॉड्यूलकडे खोल बेस जातच नाही, १८० हर्ट्झच्या खालचं काम मोठे स्पीकर आणि सबवूफर करतात, आणि त्याहून बारीक आवाज स्लॅब अडवतो. आमच्याकडे तक्रार आली ती खालच्या काकूंची, आणि ती सबवूफरची होती. त्याच्याखाली जाड मॅट घातली.

गणपतीत मखर उजव्या कोपऱ्यात येतं, त्यामुळे पाच दिवस उजवं मॉड्यूल काढून कपाटात ठेवलं. सुटं असल्याचा फायदा इथे कळला. परत बसवताना फेल्टच्या चकत्या तपासल्या, कोपरा चाचपला, अजून धरलेला आहे.

आता मागच्या बाजूलाही दोन घेऊन ५.१.४ करायचं घरात चाललंय. या वेळी खऱ्या व्हिनीरचीच घेणार, आणि आकार उघड उताराचाच. ती सोफ्याच्या मागे स्टँडवर बसतील, म्हणजे इस्त्रीच्या टेबलाला दुसरी जागा शोधायला हवी. सासूबाईंनी झाकणांसाठी कापड बाजूला काढून ठेवलंय, मापं तेवढी मागितली आहेत.