कंबोडियातील सेवासहल : पाण्याचे काम उत्तम, हिशेब अपुरा

इंदूरच्या एका सहल-संस्थेने कंबोडियातील सिएम रीप परिसरात आखलेल्या पंधरवड्याच्या सेवासहलीत गेल्या हिवाळ्यात आम्ही सुदामा नगर आणि रामबागेतील काही मराठी मंडळी सामील झालो होतो. परदेशातील गरीब वस्त्यांत श्रमदान घडवणाऱ्या अशा सहली आता बऱ्याच निघतात. त्यांतली एखादी निवडताना तेथे नेमके कोणते काम करायचे आहे आणि ते कोणाच्या सांगण्यावरून चालते, हे आधी विचारून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या सहलीतील मुख्य काम घरोघरी बायोसँड फिल्टर, म्हणजे वाळूतून पाणी गाळणारी पेटी, बसवण्याचे होते आणि केवळ त्यासाठीही ही सहल करण्याजोगी आहे. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तोनले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो, त्याच नावाचे सरोवर कित्येक पटींनी फुगते आणि आसपासचा सखल मुलूख पाण्याखाली जातो. एवढे पाणी असूनही पिण्याजोगे थोडेच असते. अंगणातल्या सिमेंटच्या मोठमोठ्या रांजणांत साठवलेले पावसाचे पाणी कोरड्या महिन्यांत संपते आणि मग अनेक कुटुंबांना तळ्याच्या पाण्यावर भागवावे लागते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या डेव्हिड मान्झ यांनी 1990 च्या दशकात विकसित केलेला हा फिल्टर विजेविना चालतो. काँक्रीटच्या उभ्या पेटीत तळाशी खडी आणि वर बारीक वाळू असते. वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा जो थर तयार होतो, तो रोगजंतूंचा बराच फडशा पाडतो. मात्र हा थर पक्का होण्यास महिनाभरही लागू शकतो, आणि तो जिवंत राहावा म्हणून वाळूवर सुमारे 5 सेंटिमीटर पाणी सतत उभे असावे लागते.

सारे कसब वाळू धुण्यात आहे. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घेऊन गरगर फिरवायचे, मग चार सेकंद थांबून वाळूचा पृष्ठभाग दिसतो का, ते पाहायचे. पाणी फार गढूळ राहिले तर वाळू पुन्हा धुवायची, आणि फारच नितळ झाले तर वाळू जास्त धुतली गेली असे समजायचे. आमच्या बरोबर आलेली इंदूरचीच तरुण समन्वयक दर वेळी बरणी उजेडात धरून म्हणे, “काका, अजून एकदा धुवा,” आणि शेवटचा होकार गावातल्या गवंड्याचा असे. काम त्याच्या देखरेखीखाली चालत होते व आम्ही केवळ हाताखालची माणसे होतो, ही मांडणी मला मनापासून आवडली. थर पक्का होण्याआधीच आम्ही परतणार असल्याने पुढची पाहणीही गावातल्याच कार्यकर्त्यांवर सोपवलेली होती. या फिल्टरने पाण्यातले आर्सेनिक जात नाही, हेही त्यांनी प्रत्येक घरी स्पष्ट सांगितले. मेकाँगच्या खोऱ्यात कांदाल प्रांतासारख्या ठिकाणी कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलेले असल्याने ही सूचना अत्यंत मोलाची आहे.

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात नव्हती. खेळणी आणि चॉकलेटे घेऊन आलेले आमच्यातील काही जण त्यामुळे नाराज झाले, पण संस्थेचे धोरण योग्यच आहे. युनिसेफच्या पाहणीनुसार 2005 ते 2010 या काळात कंबोडियातील बालगृहांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली, आणि तेथील बहुतेक मुलांचे आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात होते. पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या बालगृहांसाठी मुले घरापासून तोडली जात असतील, तर आपल्या मायेचा त्यांना उपद्रवच होतो.

दुपारच्या शाळेचा भाग मात्र दुबळा वाटला. दर तुकडीत नवे लोक येणार आणि मुलांना इंग्रजीची तीच मुळाक्षरे पुन्हा शिकवणार, यातून कोणाचेच भले होत नाही. ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट संघटनेच्या 1975 ते 1979 या राजवटीत तेथील शिक्षकांची पिढीच्या पिढी मारली गेली. अशा देशात आमच्यातील निवृत्त शिक्षिकांना स्थानिक शिक्षकांबरोबर बसवले असते, तर त्यांचा अनुभव कामी आला असता. शाळेची भिंत रंगवण्याचे कामही गावातल्याच रंगाऱ्याला मजुरी देऊन करून घ्यायला हवे होते.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. तिकडच्या बऱ्याच पदार्थांत माशांचे आंबवण घालतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी कळवणे आवश्यक आहे. कळवल्यावर आम्हाला भात, पालेभाजी आणि टोफू वेळेवर मिळत असे.

माझी खरी तक्रार हिशेबाविषयी आहे. शुल्क एकरकमी घेतले जाते. त्यातून विमान, मुक्काम आणि संस्थेचा खर्च वजा जाता गावाच्या वाट्याला किती येते, हे विचारूनही कळले नाही. गरिबांच्या नावाने पैसे घेणाऱ्याने हा आकडा न विचारता द्यायला हवा. नोंदणी करणाऱ्यांनी तो लेखी मागून घ्यावा आणि शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीतली तुकडी निवडावी, कारण एप्रिलच्या उकाड्यात काँक्रीट कालवणे साठीच्या माणसाला झेपण्यासारखे नाही.